तुनं नीट लावलं नसन

दोन हजार सहाच्या पावसाळ्यात आमच्याकडे तापाच्या जोडीनं एक वाक्य फिरत होतं. नर्सबाईच्या तोंडी तेच, सरपंचाच्या तोंडी तेच, जीपमधून उतरणाऱ्या साहेबांच्या तोंडी तेच, आणि सासवांच्या तोंडी तर होतंच होतं. "तुनं नीट लावलं नसन." काय? तर डासांचं मलम. मलम मिळालं होतं, तरी ताप आला, म्हणजे लावण्यात खोट. हे वाक्य बोललं की डास सुटतो, मलम सुटतं, आरोग्य खातं सुटतं. अडकून राहते ती एक बाई.

मी त्या बाईच्या शेजारी बसून होते. म्हणून हे लिहिते आहे.

माझं घर चंद्रपुरात, परकोटाच्या आत. अब्बा कूलर दुरुस्त करायचे. उन्हाळाभर आमचं अंगण लोकांच्या कूलरांनी भरलेलं असायचं आणि पावसाळ्यात तेच न नेलेले कूलर पोटात पाणी धरून पडून राहायचे. पायांवर पांढरे पट्टे असलेला काळा डास मी शाळेत जायच्या आधीपासून ओळखते. "ये कूलरवाला मच्छर सरकारी नौकर है," अब्बा म्हणायचे. "दिन में ही ड्यूटी करता है. बस, छुट्टी नहीं लेता."

कॉलेज संपलं आणि मी एका संघटनेत गेले. पोंभुर्ण्याकडच्या ढिवरांचे, म्हणजे मासेमारांचे, तलावांवरचे हक्क आणि गावोगावचे दवाखाने, या दोन गोष्टींसाठी ती भांडायची. माझं काम परचे, म्हणजे वाटायची पत्रकं, लिहायचं. तिथली शिकवण सोपी होती. एका परच्यात एकच गोष्ट. वाक्य एवढं लहान की टपरीवर चहा गार व्हायच्या आत वाचून व्हावं. आणि शेवटी मागणी. मागणी नसलेला परचा म्हणजे रडगाणं, असं आमचे थोरले कार्यकर्ते बजावायचे. माझ्या हाताला ती सवय लागली ती लागलीच. हे लिहितानाही वाक्यं तुटकी पडताहेत. पडू देत.

पोंभुर्ण्याहून आत, जंगलाच्या कडेला, एका मोठ्या तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली, ढिवर मोहल्ला होता. तिथं एका घरी मी आठवड्यातले बरेच दिवस राहायचे. घरात तिघं. मोठी बाई, तिचा मुलगा, त्याला मी भाऊ म्हणायची, आणि वहिनी. वहिनी माझ्याच वयाची. माहेर वैनगंगेपलीकडे, गडचिरोलीच्या बाजूला. मुसलमानाची पोरगी आपल्या छपरीत झोपते याचं मोहल्ल्याला पहिले चार दिवस नवल वाटलं. मग मी मासे काट्यासकट नीट खाते हे पाहून ते मिटलं. मोठी बाई मला नावानं कधी हाक मारायची नाही. "ओ परचेवाली" एवढंच.

मोठी बाई बांबूचे सापळे विणायची. पाणी उतरायला लागलं की सांडव्याच्या तोंडाशी, धानाच्या बांध्यांच्या फटींत लावायचे, लांबट, मासा आत शिरतो पण परत फिरू शकत नाही असे. आख्ख्या मोहल्ल्यात तिच्यासारखी वीण कोणाची नव्हती. बोटं काळी, कडक, पण बांबूच्या कामटीवर अशी चालायची की नजर मागं पडावी. चिरलेल्या कामट्या मऊ राहाव्यात म्हणून ती त्या अंगणात पाण्यात बुडवून ठेवायची. रस्त्याच्या कामावरून आणलेला डांबराचा ड्रम, अर्धा कापलेला. पावसाळाभर तो भरलेला असायचा.

त्याच्या आदल्या पावसाळ्यात वहिनीचं पोट वाया गेलं होतं. मलेरिया. थंडी वाजून ताप चढला, गोळ्या उशिरा मिळाल्या, आणि सातव्या महिन्यात सगळं संपलं. त्याच वर्षी आम्ही तालुक्याला मोर्चा नेला. मागणी : प्रत्येक गरोदर बाईला मच्छरदाणी आणि मलम. परचा मीच लिहिला होता. मच्छरदाण्या मिळाल्या, मलमाच्या ट्यूबाही मिळाल्या. मोहल्ल्यात आम्ही गुलाल उधळला.

म्हणून या खेपेस वहिनीला दिवस गेले तेव्हा सगळं घर तिच्याभोवती पहाऱ्याला बसलं. ढिवरांत पोटुशी बाई तलावाच्या पाळीवर पाय ठेवत नाही. पाण्यातलं काही तिच्या मागं लागेल, ही जुनी भीती. त्यात नवी भीती मिसळली होती. तलाव म्हणजे पाणी, पाणी म्हणजे डास. मोठी बाई हुकूम सोडून मोकळी झाली, "तलावाकडे पाह्याचंबी नाई. घरी बस, माह्या नजरेसमोर. कामट्या सोल." अंगणात सावली एकाच जागी पडायची, ड्रमापाशी. तिथं वहिनीसाठी पोतं अंथरलं गेलं. सकाळपासून दिवस कलेपर्यंत ती तिथं बसायची. रात्री मच्छरदाणीत.

तलावात मासे आहेत. डासाच्या अळ्या मासे खाऊन टाकतात. ड्रमात मासे नव्हते. पाण्यावर जगणाऱ्या माणसांनी तिला पाण्यापासून वाचवलं आणि अर्ध्या ड्रमाशेजारी बसवलं. मी मोठ्या बाईला म्हटलं होतं, "बाई, हे पाणी आठवड्याला फेकत जा. पाहा, किती वळवळतंय."

"पाणी फेकलं का कामट्या कडक होतेत. कडक झाल्या का चिरतेत. मंग काय तुह्ये परचे इनू का मी?" बायका हसल्या. मीही हसले.

एकदा तिचं लक्ष नसताना मी निम्मं पाणी उपसलं. संध्याकाळच्या सरीनं ते परत भरलं.

वहिनी मलम कशी लावायची ते मला सांगायलाच हवं, कारण सगळा वाद त्याच्यावरच आहे. सकाळी तोंड धुतलं की आधी दंड, मग कोपरापासून बोटांपर्यंत, मग मान, कानांची मागची बाजू, मग पोटऱ्या, घोटे, तळपायाची कड. घाम आला की परत. भात खाऊन हात धुतले की परत. पदर जिथून सरकतो तिथं पाठीलाही लावायची आणि ते मला लावायला सांगायची. मलमाचा वास गोडसर, उग्र. भाऊ म्हणायचा, "हिच्या जवळ बसाचं म्हणजे ब्युटीपार्लरात बसल्यावानी आहे."

"तुम्ही कधी गेले होते जी पार्लरात?" वहिनी विचारायची.

"बाहेरून वास घेतला ना."

आणि मलम चालत होतं. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. पट्टेवाला डास यायचा, तिच्या हाताजवळ घिरट्या घालायचा, वीतभर अंतरावर थबकल्यासारखा व्हायचा आणि निघून जायचा. सरळ माझ्याकडे. मी मलम लावत नव्हते, ट्यूब पोटुशींसाठी होती. "पाह्य, तुह्याकडे पाठवला," ती म्हणायची आणि खुदकन हसायची. आषाढभर असंच चाललं.

मग गावात ताप आला.

पहिल्यांदा शाळेजवळच्या घरात. मग दोन गल्ल्यांत. मग असं झालं की सकाळी डबा घेऊन निघालेली माणसं रस्त्यात बसून पडायला लागली. सांधे असे धरायचे की तरणा गडी भिंतीला हात लावत म्हाताऱ्यासारखा चालायचा. चिकनगुनिया हे नाव दवाखान्यातून आलं आणि लोकांनी त्याची चेष्टाही केली, "मी तं कोंबडीचं तंगडंबी नाई पाह्यलं वर्षभर, मले काऊन झाला?" हसताना जबडा दुखायचा, तरी हसायचे. जाळं फेकणारे हात वर जाईनात. तलावावर डोंगे पालथे पडून राहिले.

त्या दिवसांतली एक सकाळ. वहिनी ड्रमापाशी बसली होती, आठवा सरून नववा लागला होता. मलम नुकतंच लावलं होतं, हातावर ओलसर चमक होती. मी समोर बसून तांदूळ निवडत होते. एक डास आला. थबकला नाही. थेट तिच्या मनगटावर बसला. चमकणाऱ्या कातडीवरून दोन पावलं चालला, सोंड खुपसली, काढली, थोडा सरकला, परत खुपसली. मी हात मारेपर्यंत उडाला आणि तिच्याच दंडावर जाऊन बसला.

"हा काऊन नाई भेत?" वहिनी म्हणाली.

तिनं लगेच आणखी मलम पिळलं. वरून परत एक थर दिला. थोड्या वेळानं आणखी एक आला आणि तोही बसला. सगळेच तसे नव्हते. बरेच पूर्वीसारखे घिरट्या घालून जात होते. पण मधूनच असा एखादा यायचा, ज्याला त्या वासाचं काही पडलंच नव्हतं. पिऊन झिंगलेला माणूस पोलीस समोर उभा असताना कसा बिनधास्त चालतो, तसा. वहिनी दिवसभर पदर अंगाभोवती ओढून, हात झटकत बसली. आत जाऊन बस म्हटलं तर आत अंधारात जास्त डास. चुलीत कडुलिंबाचा पाला टाकून धूर केला तर तिला खोकला यायचा आणि पोट आवळायचं.

बाळंतपणाला थोडेच दिवस राहिले असताना तिला ताप भरला. घोटे सुजले. कळाही लगेच सुरू झाल्या. तिच्या कळा कोणत्या आणि सांध्यांचं दुखणं कोणतं, हे दाईला कळेना आणि तिलाही सांगता येईना. मुलगा झाला. चांगला रडला. मोठ्या बाईनं त्याला ओव्याची धुरी दिली, कपाळाला काजळ लावलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहून म्हणाली, "लिही तुह्या परच्यात. नातू झाला म्हणा."

पाचवीच्या पूजेची तयारी चालली असताना बाळ तापलं. दूध ओढेना. नाकाचा शेंडा काळवंडत गेला, कोणी कोळशाचं बोट लावावं तसा. जीप मिळवून आम्ही चंद्रपूरला मोठ्या दवाखान्यात नेलं. रस्ताभर वहिनी, स्वतः वाकडी झालेली, त्याला छातीशी धरून बसली होती. ऊर्जानगरच्या वीजकेंद्राच्या धुराड्यांचा धूर दिसला तेव्हा त्याला पहिला झटका आला. डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं, त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. आईच्या रक्तातला ताप जन्मताना बाळात गेला, असं त्यांनी समजावलं. अब्बा डबा घेऊन आले, वऱ्हांड्यात भाऊजवळ उकिडवे बसले.

बाळ गेलं. नाव ठेवायचं राहिलं होतं.

दवाखान्यातून कागद घेताना तिथल्या बाईनं विचारलं, मलम मिळालं नव्हतं का? मिळालं होतं, असं मी सांगितलं. मग नीट लावलं नसेल, ती म्हणाली. वाईट हेतूनं नाही. तिला दिवसभर हेच सांगायला शिकवलं होतं. पण वहिनी बाजूलाच उभी होती.

गावी येईपर्यंत वाक्य आमच्याआधी पोचलं होतं. मातीला आलेल्या बायका हळू आवाजात बोलत होत्या आणि वहिनी आत पडलेली असली तरी कुडाच्या भिंतीला कान असतातच. "मलम होतं म्हणतेत." "होतं तं काय, लावाले पायजे ना." "आजकालच्या पोरी, वास येते म्हणतेत." मोठी बाई चार दिवसांनी बोलली. "पहिला गेला तवा मलम नव्हतं. मी कोनाले नाई बोलली. आता तं होतं ना? तुनं नीट लावलं नसन."

"लावलं होतं जी," वहिनी म्हणाली.

"मंग डास चावला कसा?"

मी म्हटलं, "बाई, मी पाहिलं आहे. लावलेल्या हातावर बसत होता." मोठी बाई माझ्याकडे न पाहता म्हणाली, "तू तं तिचीच बाजू घेशीन."

मी भडकले होते. मला भडकायला वेळ लागत नाही, पण तेव्हा झोपही लागत नव्हती. तालुक्याला बैठक होती, साथीची. तिथं खात्याचे एक साहेब आले होते. मी उभी राहिले आणि सांगितलं, मलम लावलेल्या बाईला डास चावले, मी साक्षीदार आहे. साहेब समजूतदारपणे हसले. "मॅडम, मलम तपासलेलं आहे. लोकांच्या सवयींचा प्रश्न आहे. ग्रामीण भागात अजून जागृती कमी पडते." मी विचारलं, तुम्ही त्या घरात किती वेळ बसला होतात? ते म्हणाले, विषयाला धरून बोला. मी विषयालाच धरून बोलत होते. मला खाली बसवलं. माझ्या बाजूच्या आमच्याच लोकांनी पदर धरून बसवलं, हे जास्त झोंबलं.

बाहेरून डास गोळा करायला एक पथक आलं होतं. त्यातल्या एका तरुण संशोधकाला मी बसस्टँडवर गाठलं. काचेच्या नळीनं डास ओढून कुपीत भरायचा तो. मला टाळायला पाहत होता, पण बस येत नव्हती.

"मलम तपासतात म्हणजे काय करतात?" मी विचारलं.

"पिंजऱ्यात हात घालतात. मलम लावलेला आणि न लावलेला. किती बसले ते मोजतात."

"पिंजऱ्यात डास कुठले?"

"पाळलेले. प्रयोगशाळेत वाढवलेले."

"त्यांना चिकनगुनिया असतो?"

तो पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहून बोलला. "नाही. कसा असेल? निरोगी असतात. नाहीतर हात घालणारा आजारी पडेल."

"मग आजारी डासाला या वासाची भीती वाटते की नाही, हे कोणी पाहिलं?"

तो थोडा चिडला. त्याला वाटलं मी त्याला अडकवते आहे. मग बस येत नाही हे पाहून नीट बोलला. डासाच्या अंगात शिरलेला विषाणू पोटात बसून राहत नाही. तो सगळ्या अंगात पसरतो, लाळेत उतरतो, कधी डोक्यातही पोचतो. डास मरत नाही, पण पूर्वीचाही राहत नाही. काही विषाणूंच्या बाबतीत असं दिसलं आहे की लागण झालेली मादी परत परत सोंड खुपसते, एका जागी नीट पीत नाही. "वासाचं म्हणाल तर मला माहीत नाही," तो म्हणाला. "असू शकतं. तुमच्या बाईच्या बाबतीत घामानं मलम उतरलं असेल, डास संख्येनं वाढले असतील. एका अंगणावरून काही सिद्ध होत नाही."

"आणि साहेब म्हणतात ते कशावरून सिद्ध होतं?"

तेवढ्यात बस आली.

मी तशीच संघटनेच्या कचेरीत गेले आणि परचा लिहिला. ट्यूबवरचं आश्वासन निरोगी डासाविषयी आहे. निरोगी डास चावला तर खाज सुटते. माणूस आडवा होतो तो ताप अंगात असलेल्या डासामुळं. त्या डासावर हे मलम चालतं का? कोणी तपासलं? तपासलं नसेल तर बाईला दोष कोणत्या तोंडानं देता? थोरल्या कार्यकर्त्यांनी वाचला आणि खाली ठेवला. "यात प्रश्नच आहेत. मागणी कुठं आहे?"

"बाईला दोष देऊ नका. ही मागणी."

"कोणाकडे?"

खात्याकडे होती, पण तेवढीच नव्हती; सासवांकडेही होती. "आणि लोक मलम लावायचं सोडतील," ते म्हणाले. "मलेरियाला ते चालतं. तुझ्या एका परच्यानं आणखी दोन पोटं वाया जातील, मग?" हे खोटं नव्हतं. परचा छापला गेला नाही. मला अजून राग आहे, आणि अजूनही वाटतं की दोन्ही गोष्टी एका कागदावर मावल्या असत्या.

घटस्थापनेच्या सुमारास मी मोहल्ल्यात परत गेले तेव्हा अंगणात वहिनीची पिशवी भरलेली होती. भाऊ तिला माहेरी पोचवायला निघत होता. "थोडे दिस राहून येईन," वहिनी म्हणाली, पण तिनं भिंतीवरचा आरसाही पिशवीत घातला होता. थोड्या दिवसांसाठी कोणी आरसा नेत नाही. भाऊ चप्पल शोधत होता. समोरच होती. शेजारच्या बायका जमल्या होत्या, अशा वेळी जमतात तशा, काहीतरी मागायचं निमित्त काढून.

मी तोंड उघडलंच. "भाऊ, हिला पाठवता ते कशासाठी? मलम लावलं नाही म्हणून?"

"मी काई म्हणलो का?" तो म्हणाला. ते खरं होतं. तो काहीच म्हणाला नव्हता, आणि त्याचाच मला सगळ्यांत जास्त संताप आला होता.

मोठी बाई ड्रमापाशी उभी होती. "थांब परचेवाली," ती म्हणाली. "तुले लय वाटते ना, मी खोटी आहो?" ती सुनेकडे वळली. "आन ते मलम." पिशवीतून ट्यूब निघाली. वहिनीनं ती टाकली नव्हती. चिमटून चिमटून शेवटापर्यंत गुंडाळलेली, एका हातापुरतं मलम उरलेलं. मोठ्या बाईनं खांद्यापर्यंत बाही सारली आणि हात पुढं केला. "जसं सोताले लावत होती, तसं लाव. तसंच. सगळ्यायसमोर."

वहिनीनं सासूचा हात हातात घेतला. तिची बोटं अजून सुजलेली होती. दंड, कोपर, मनगट, मग एकेक बोट, नखांच्या कडा. घाई केली नाही. बायका बघत होत्या. मग मोठी बाई वहिनीच्या पोत्यावर, वहिनीच्या जागी, ड्रमाला टेकून बसली आणि हात मांडीवर ठेवला.

"आता पाह्य," ती म्हणाली.

एक डास आला, घिरट्या घातल्या, गेला. "पळाला, पाह्य," शेजारीण म्हणाली. आणखी एक आला, तोही गेला. मोठी बाई माझ्याकडे बघत होती, जिंकल्यासारखं नाही, नुसतं बघत होती. वहिनी दाराच्या चौकटीला धरून उभी होती. भाऊनं चप्पल घातली.

मग एक बसला. मनगटाच्या वर, जिथं मलमाची चमक सगळ्यांत जाड होती. चालला. सोंड खुपसली. काढली. बाजूला सरकून परत खुपसली. शेजारणीनं हात उचलला तशी मोठी बाई ओरडली, "मारू नोको!" तिनं हात हलवला नाही. डासाचं पोट लाल होत गेलं. आम्ही सगळ्या बघत होतो. भरलं तसा तो जडसा उडाला आणि छपराखाली गेला.

एका डासावरून काही सिद्ध होत नाही, हे मला माहीत आहे. त्याच्या अंगात ताप होता की नव्हता, हेही तिथं कोणाला सांगता आलं नसतं.

मोठी बाई उठली. ड्रमाच्या काठाला दोन्ही हात घातले. भाऊ पुढं झाला तर त्याला कोपरानं ढकललं. एकटीनं ड्रम उलटा केला. पाणी अंगणभर पसरलं, चिखलात अळ्या वळवळत होत्या आणि कामट्या इकडंतिकडं पडल्या. ती त्यांच्यावरून चालत आत गेली. भाऊनं पिशवी उचलून आत खुंटीला लावली. वहिनी चौकटीतच उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. तिच्यासाठी काही परत येणार नव्हतं.

आठवडा व्हायच्या आत मोठ्या बाईला ताप भरला. साथ गावभर होतीच, कुठल्या डासानं दिला कोण सांगणार. ताप उतरला, बोटं मात्र उघडीच राहिली. मिटेनात. कामट्या उन्हात वाळल्या, चिरल्या आणि शेवटी चुलीत गेल्या. त्या वर्षी सांडव्याला दुसऱ्यांचे सापळे लागले. दवाखान्याच्या भिंतीवर त्या दिवसांत नवं चित्र रंगवलं होतं, हसणारी बाई हाताला मलम लावते आहे, आणि खाली तेच वाक्य, शहाण्या भाषेत.

मी शेवटची गेले तेव्हा मोठी बाई छपरीत भिंतीला टेकून बसली होती. वहिनी समोर बसून तिला पेज भरवत होती. मी पाणी पीत दारात थांबले. दोन घास झाल्यावर मोठ्या बाईनं तोंड बाजूला वळवलं.

"तुनं लावलं होतं," ती म्हणाली.

वहिनीनं चमचा तसाच धरून ठेवला.

"हो जी, आत्याबाई," ती म्हणाली. "तोंड उघडा. पेज थंडी होऊन राह्यली."